मूकपटांच्या काळातले साहस-प्रणयपट: पाहावेत कसे, जमवावेत कसे

तलवारी, तटबंदी, समुद्री चाचे, वाळवंटातले स्वार आणि शेवटच्या रिळात हमखास जुळणारं प्रेम. या चित्रपटांकडे वळणाऱ्या नवख्याची पहिली चूक ठरलेली असते. तो नाव शोधतो, समोर येईल ती प्रत लावतो, वीस मिनिटांत कंटाळतो आणि मूकपट आपल्याला झेपणारे नाहीत असं ठरवून मोकळा होतो. बहुतेक वेळा दोष चित्रपटाचा नसतो, प्रतीचा असतो. नकलेची नक्कल, चुकीच्या वेगानं चालवलेली, रंगछटा उडालेली, आणि वर कुठलंतरी पियानोवादन चिकटवलेलं.

पोथ्यांना पाठभेद असतात तसे मूकपटांनाही असतात. म्हणून 'कोणता चित्रपट?' याच्या जोडीला 'कोणती प्रत?' हा प्रश्न सवयीनं विचारायला हवा. या लेखाचा बराचसा भाग त्याच प्रश्नावर आहे.

१. आधी पाच-सहा चित्रपट पाहा, मग जमवायला लागा

सुरुवात उड्या-तलवारबाजीसाठी गाजलेला हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्स याच्यापासून करा. 'द मार्क ऑफ झोरो' (१९२०) पहिला. लांबी बेताची, कथा सरळ, आणि शेवटाकडचा पाठलाग आजही दम काढतो. 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) सगळ्यात गाजलेला असला तरी तो पहिला लावू नका. अडीच तासांच्या आसपासचा आहे, आणि कलादिग्दर्शक विल्यम कॅमेरॉन मेन्झिसच्या भव्य सेट्सची मजा मूकपटाची लय अंगात भिनल्यावरच येते.

मग रुडॉल्फ व्हॅलेंटिनो. त्याचा 'द शेख' (१९२१) इतिहास म्हणून पाहण्यासारखा आहे, चित्रपट म्हणून कमी. त्यात अपहरणालाच प्रेम म्हटलंय आणि शेवटी शेख जन्मानं युरोपीय निघतो, म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाची सोय झाली. 'द ईगल' (१९२५) आणि 'द सन ऑफ द शेख' (१९२६) त्याहून कितीतरी उजवे. रॅमन नोव्हारोला ओळखायचं तर 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१९२२) मध्ये खलनायक म्हणून आणि 'स्कॅरामूश' (१९२३) मध्ये नायक म्हणून, असा जोडीनं पाहा.

हॉलिवूडपुरतं थांबू नका. जर्मनीत जो माय यांचा दोन भागांचा 'द इंडियन टूम्ब' (१९२१), फ्रान्समध्ये 'मिशेल स्ट्रोगॉफ' (१९२६). हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'शिराज' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) तर या प्रकारातले अव्वल नमुने. आणि जी. पी. पवारांचा 'दिलेर जिगर' (१९३१) कुठेही लागला तरी सोडू नका. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांसाठी ओळखल्या गेलेल्या ललिता पवार त्यात नायिका आहेत.

२. पाहताना नजर कुठे ठेवायची

टायटल कार्ड (संवाद-मजकुराची पाटी) वाचून झालं की लगेच माणसाच्या चेहऱ्याकडे जाऊ नका, संपूर्ण शरीराकडे पाहा. हे चित्रपट बरेचसे पूर्णाकृती चौकटीत घेतलेले असतात, कारण अभिनय हातपायांत आहे. फेअरबँक्स उडी मारण्याआधी पाऊल कुठे टेकवतो, पाठीचा कणा कसा वळवतो, हे दिसलं की तो नटापेक्षा नर्तकाच्या जवळचा वाटतो.

करामतीचं दृश्य तीनदा पाहा. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा फक्त पाय, तिसऱ्यांदा मागची वस्तू. 'द ब्लॅक पायरेट' (१९२६) मधलं प्रसिद्ध दृश्य घ्या. नायक शिडात सुरा खुपसतो आणि शीड चिरत खाली घसरत येतो. खरं तर नुसत्या सुऱ्यावर माणसाचा भार असा तोलला जात नाही. शीड तिरकं बांधलेलं होतं, कॅमेराही त्याच कोनात कललेला होता आणि सुऱ्याला मागून कप्पी आणि प्रतिभार जोडलेला होता. हे कळल्यावर दृश्याची गंमत कमी होत नाही, उलट चिरत जाणाऱ्या कापडाची कड पाहायचा नाद लागतो. 'रॉबिन हूड' (१९२२) मध्ये उंच पडद्यावरून घसरण्याची युक्ती त्याहून साधी, पडद्यामागे चक्क घसरगुंडी होती.

'द ईगल' मध्ये लांबलचक जेवणाच्या टेबलावरून कॅमेरा सरकत जातो. कॅमेरा टेबलाच्या वरून आडव्या पुलासारख्या सांगाड्यावर चालला होता आणि वाटेतल्या मेणबत्त्यांचे दिवे चौकटीत यायच्या क्षणभर आधी मदतनीस जागेवर ठेवत होते. दिव्यांच्या ज्योती पाहा.

आणखी एक. त्या काळची बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे तिला लाल रंग दिसत नसे आणि निळा नको तितका दिसे. म्हणून ओठ काळे, निळे डोळे पांढुरके, आभाळ कोरं. १९२६-२७ च्या सुमारास पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि चेहरे माणसात आले.

३. प्रत ओळखायला शिका

*वेग.* मूकपट १६ फ्रेमनंच चालतात हा समज सोडून द्या. कॅमेरा हातानं फिरवला जायचा, त्यामुळे वेग चित्रपटागणिक बदलतो. साधारण १६ ते २४ च्या दरम्यान, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून वरच्या टोकाकडे. वेग योग्य आहे का हे मारामारीच्या दृश्यावरून ठरवू नका, ती मुद्दाम कमी वेगात टिपून जलद दाखवायची पद्धत होती. शांत दृश्य निवडा: चालीनं जाणारा घोडा, खांद्यावरून घसरणारा झगा, दारातून आत येणारा नोकर. नोकर टुणटुण चालत असेल तर वेग चुकलाय.

*लांबी.* त्या काळच्या नोंदींत चित्रपटाची लांबी फुटांत सापडते, मिनिटांत नाही. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. म्हणून सूत्र असं: फूट गुणिले १६, भागिले (फ्रेमचा वेग गुणिले ६०). आठ हजार फुटांचा चित्रपट २४ फ्रेमनं सुमारे ८९ मिनिटं, २० नं १०७ आणि १८ नं ११९ मिनिटं चालतो. डिस्कवर ८९ मिनिटं लिहिलेली दिसली म्हणून चित्रपट कापलेला आहे असं होत नाही, आणि ११९ दिसली म्हणून तो 'अधिक पूर्ण' आहे असंही नाही. मिनिटं आणि वेग दोन्ही कळल्याशिवाय पूर्णतेबद्दल बोलू नये. १६ मिमीच्या फुटात ४० फ्रेम असतात, म्हणजे १६ मिमीचं ४०० फुटी रीळ ३५ मिमीच्या १००० फुटांबरोबर. युरोपीय पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ चे २५ झालेले असतात, तिथे चार टक्के कमी धरा.

*निगेटिव्ह.* मोठ्या चित्रपटांची बहुधा दोन निगेटिव्ह बनत, एक देशातल्या वितरणासाठी आणि एक परदेशासाठी. कॅमेरे शेजारी-शेजारी लावलेले असत किंवा दुसऱ्या पसंतीचे टेक परदेशी प्रतीत जात. त्यामुळे एकाच दृश्यात हात किंचित वेगळ्या जागी दिसला तर डोळे चोळू नका, प्रत वेगळी आहे. टायटल कार्डही परत भाषांतरित केलेली असू शकतात.

*रंगछटा.* हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं. रात्रीची दृश्यं अनेकदा दिवसा घेतली जात आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवून रात्र केली जाई. आतल्या दिव्याच्या उजेडासाठी पिवळट अंबर, आगीसाठी तांबडा. हा काही लेखी नियम नव्हता, पण पद्धत होती. छटा काढून टाकलेल्या कृष्णधवल प्रतीत नायक भर दुपारी मशाल घेऊन भिंत चढतो आणि पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. प्रेक्षक हसतो, आणि चूक दिग्दर्शकाच्या माथी जाते.

'द ब्लॅक पायरेट' ची गोष्ट वेगळी. तो मुळातच दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये काढला होता, तरी कृष्णधवल प्रती फिरत राहिल्या. रंगीत प्रत घेतलीत तर हेही लक्षात ठेवा की त्या पद्धतीत लाल आणि हिरवा असे दोनच घटक होते. त्यात खरा निळा येत नाही. समुद्र पोस्टकार्डासारखा निळाशार दिसला तर कुणीतरी संगणकावर हात मारलाय.

*चौकट.* टायटल कार्डावरचा मजकूर डावीकडे कापलेला दिसतोय का? मूकपटाची चौकट पट्टीची पूर्ण रुंदी वापरायची. पुढे डाव्या कडेला ध्वनिपट्टी आली आणि मूकपटांच्या नव्या प्रती काढताना तेवढी कड गेली. कार्डावरची अक्षरं मधोमध नसतील तर संपूर्ण चित्रपटात डावीकडचा पट्टा गायब आहे.

*संगीत.* मूळ संगीतलेखन, त्या काळच्या क्यू शीटवरून (कुठल्या दृश्याला कुठली धून वाजवायची याच्या यादीवरून) जुळवलेलं संगीत, नवीन रचना आणि निव्वळ भरताड असे चार प्रकार समजा. पहिले तीनही चालतात. 'द थीफ ऑफ बगदाद' साठी मॉर्टिमर विल्सन यांनी लिहिलेलं संगीत होतं आणि कार्ल डेव्हिस यांची नंतरची रचनाही उत्तम आहे. 'शिराज' च्या पुनरुज्जीवित प्रतीला अनुष्का शंकर यांचं संगीत आहे. मात्र 'डॉन जुआन' (१९२६) सारख्या चित्रपटात पर्याय नाही. तो व्हायटाफोनच्या तबकड्यांवरील वाद्यवृंदासह लागला होता, त्यामुळे त्याचं संगीत आणि २४ फ्रेमचा वेग हे चित्रपटाचेच भाग आहेत.

*पुनर्प्रकाशन.* 'द आयर्न मास्क' (१९२९) ची १९५० च्या दशकातली प्रत टायटल कार्ड काढून निवेदन घालून आली. निवेदन मुलाचं, म्हणजे डग्लस फेअरबँक्स ज्युनियरचं. ऐकायला गोड आहे, पण मूळ नव्हे. मूळ चित्रपटात फेअरबँक्स स्वतः दोन छोट्या प्रसंगांत बोलतो.

४. डिस्क घेताना

बहुतेकांचा संग्रह डिस्कवरच सुरू होतो आणि तिथेच राहतो. त्यात कमीपणा काहीच नाही. किनो लॉर्बर, फ्लिकर अ‍ॅली, युरेका, बीएफआय, क्रायटेरियन ही जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्यांची नावं नेहमी लागतील. वेष्टणाच्या मागे तीन गोष्टी शोधा: पुनरुज्जीवन कुठल्या संग्रहालयानं केलं, कुठल्या मूळ साहित्यावरून केलं आणि संगीत कोणाचं. तिन्ही नसतील आणि फक्त 'डिजिटली रीमास्टर्ड' एवढंच असेल तर डिस्क परत ठेवा.

ब्लू-रेचे प्रदेश: ए म्हणजे अमेरिका खंड आणि जपान, बी म्हणजे युरोप-ऑस्ट्रेलिया, सी म्हणजे भारत, चीन, रशिया. डीव्हीडीचे आकडे वेगळे. सर्व-प्रदेश प्लेअर आधी, डिस्क नंतर. उलट क्रमानं खरेदी करून पस्तावलेले लोक पुष्कळ आहेत.

मागणीनुसार छापून मिळणाऱ्या डिस्क बहुधा डीव्हीडी-आर असतात. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर कारखान्यात साच्यातून काढलेल्या डिस्कपेक्षा लवकर खराब होतो. खालची बाजू जांभळट दिसली तर ती डीव्हीडी-आर आहे असं समजा आणि आल्या दिवशीच तिची नक्कल फाइल करून ठेवा.

५. फिल्मची रिळं: इथे घाई नको

लागणारं सामान:
- हातानं फिरवायचे दोन रिवाइंडर (रीळ गुंडाळायची साधनं) आणि रिकामी रिळं
- दहा पट वाढवणारं भिंग आणि प्रकाशपेटी
- स्प्लाइसर (तुटलेली फिल्म सांधायचं साधन) आणि टेप
- सुती हातमोजे, धागे न सुटणारं कापड
- मिलिमीटरची पट्टी
- आम्ल तपासायच्या ए-डी पट्ट्या
- हवा खेळती राहील असे प्लास्टिकचे डबे

पहिली आणि शेवटची सूचना नायट्रेटबद्दल. १९५१ पर्यंत ३५ मिमी फिल्म सर्रास नायट्रेट या झटकन पेट घेणाऱ्या पट्टीवर निघायची. ती जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, त्यामुळे पाणी ओतून विझत नाही. कडेवर 'नायट्रेट' छापलेलं दिसलं, किंवा रीळ चिकट, फुगलेलं, तपकिरी भुकटी पडणारं निघालं तर ते घरात ठेवू नका, टपालानं पाठवू नका, आणि तुकडा पेटवून पाहायची जुनी 'चाचणी' चुकूनही करू नका. चित्रपट संग्रहालयाला कळवा. कोडॅकनं १६ मिमी फिल्म १९२३ पासून सेफ्टी फिल्मवरच, म्हणजे सहजी न पेटणाऱ्या पट्टीवरच, आणली आणि पाथेची ९.५ मिमीही सेफ्टीच. नवख्यानं या दोन मापांतच राहावं.

सेफ्टी म्हणजे अमर नव्हे. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पट्टीतलं अ‍ॅसिटेट सडायला लागलंय. हे थांबत नाही, फक्त मंदावतं, आणि वाफेमुळे शेजारच्या रिळालाही लागतं. ते रीळ वेगळं करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, लवकर स्कॅन करून घ्या.

आक्रसणं मोजायला खास यंत्र लागत नाही. १६ मिमी फिल्मच्या दोन छिद्रांमधलं अंतर ७.६२ मिमी असतं, म्हणजे शंभर छिद्रांमागे ७६२ मिमी. तुमची पट्टी ७५४ च्या आसपास भरली तर ती एक टक्का आक्रसली आहे. त्यापुढची फिल्म प्रोजेक्टरमध्ये घालू नका, दाते छिद्रं फाडत जातील.

प्रोजेक्टरचा सापळा असा. मूकपटाच्या १६ मिमी फिल्मला दोन्ही कडांना छिद्रं असतात, ध्वनिपट्टीच्या फिल्मला एकाच. दोन्ही कडांना दाते असलेल्या जुन्या मूक प्रोजेक्टरमध्ये ध्वनिपट्टीची प्रिंट घातली की दुसऱ्या कडेवर नवीन छिद्रं पडत जातात, पहिल्याच फुटापासून. उलट बाजूनं अडचण नाही.

कोडॅकच्या कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं असतात. ती फिल्म बनल्याचं वर्ष सांगतात, पण दर वीस वर्षांनी तीच परत येतात. १९३६ आणि १९५६ चं चिन्ह एकच. विकणारा नेहमी जुनं वर्ष सांगतो. आणि हे वर्ष प्रिंटच्या फिल्मचं असतं, चित्रपटाचं नव्हे.

६. पोस्टर आणि लॉबी कार्ड

अमेरिकन वन-शीट (नेहमीचं मोठं पोस्टर) २७ गुणिले ४१ इंच, लॉबी कार्ड (चित्रपटगृहाच्या दालनात लावायचं जाड कागदाचं चित्र) ११ गुणिले १४ इंच आणि बहुधा आठांचा संच, विंडो कार्ड (दुकानाच्या खिडकीत लावायचं) १४ गुणिले २२. मोजायची टेप घेऊनच पाहायला जा. २७ गुणिले ४० किंवा २४ गुणिले ३६ भरलं तर ते मागाहून छापलेलं आहे. वन-शीट घडी घालून पाठवली जात, त्यामुळे एकही घडी नसलेल्या 'अस्सल' पोस्टरकडे संशयानं पाहा.

भिंगाखाली दगडी छपाईचा अनियमित दाणा दिसतो, आधुनिक नकलेत ठिपक्यांची नीटस नक्षी. अंधारात अतिनील टॉर्च मारा. १९२० च्या दशकातल्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नसायची. कागद निळसर पांढरा लखलखला तर तो अलीकडचा. जीर्णोद्धारात वापरलेला नवा कागदही असाच चमकतो, म्हणून मागची बाजू आणि कडा वेगळ्या तपासा.

७. हक्क

अमेरिकेत प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी चित्रपट कॉपीराइटमधून खुला होतो, म्हणून १९२९ पर्यंतचे सगळे तिथे मोकळे आहेत. भारतात चित्रपटाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं. युरोपीय संघात मात्र दिग्दर्शक, लेखक आणि संगीतकार यांच्यातल्या शेवटच्या माणसाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, त्यामुळे एकच चित्रपट एका देशात मोकळा आणि दुसऱ्यात बंद असू शकतो. चित्रपट मोकळा असला तरी डिस्कवरचं नवं संगीत मोकळं नसतं. सार्वजनिक खेळ लावायचा असेल तर संगीताची परवानगी आधी काढा, नाहीतर आवाज बंद करून स्वतःचा वादक बसवा.

८. नोंदवही

अमेरिकेत बनलेल्या १०,९१९ मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ ३५ मिमी स्वरूपात पूर्ण उरले आहेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या पाहणीत दिसलं. उरलेल्यांपैकी काही केवळ परदेशी प्रतींत किंवा लहान मापाच्या फिल्मवर टिकले. म्हणून तुमच्याकडचं फाटकं १६ मिमी रीळही नोंदवण्यालायक असू शकतं. प्रत्येक वस्तूला एक पान द्या. उदाहरणादाखल:

'नाव: कार्ड नाही, ओळख पटलेली नाही. माप: १६ मिमी, मूक, दोन्ही कडांना छिद्रं. लांबी: ३८० फूट. छटा: सुरुवातीला अंबर, मधे निळी, शेवट कृष्णधवल. आक्रसणं: ०.६ टक्के. वास: नाही. सांधे: ७, दोन सुटायच्या बेतात. टायटल कार्ड: ४, फ्रेंच. दृश्य: किल्ल्याची भिंत, दोर, खिडकीत बाई. पाहिलं: हाती रिवाइंडरवर, प्रोजेक्टरवर नाही.'

फ्रेंच कार्डांचे फोटो काढून पानाला चिकटवा. ओळख पटते ती बहुतेकदा कार्डाच्या नक्षीदार चौकटीवरून, नायकाच्या चेहऱ्यावरून क्वचितच.